तट पडले तेव्हा

फिलाडेल्फियात इंडिपेंडन्स हॉल बघायला आलेल्यांची रांग भली मोठी होती. भाची म्हणाली, "मावशी, तोवर शेजारची इमारत बघून घेऊ. तिथं फारसं कुणी नसतं." म्हणून आम्ही काँग्रेस हॉलमध्ये शिरलो. विटांची साधीशी दुमजली इमारत. १७९० ते १८०० ही दहा वर्षं अमेरिकेची संसद इथं भरत होती. खाली प्रतिनिधिगृह, वरच्या मजल्यावर सिनेट. खालच्या दालनात अर्धवर्तुळात मांडलेली मेजं, मागे चामड्याच्या खुर्च्या, समोर सभापतींचं उंच आसन. एखाद्या जुन्या शाळेच्या सभागृहाएवढीच जागा.

मी मात्र तिथं एका चिमट्याचा विचार करत उभी राहिले होते. शेकोटीतली लाकडं पुढेमागे करायचा लांब लोखंडी चिमटा.

१५ फेब्रुवारी १७९८ रोजी याच दालनात कनेक्टिकटचे सभासद रॉजर ग्रिसवल्ड हातात जाड काठी घेऊन चालत आले आणि व्हरमाँटचे सभासद मॅथ्यू लायन बसलेले असताना त्यांच्या डोक्याखांद्यावर काठी हाणायला लागले. लायन कसाबसा उठला, शेकोटीपर्यंत पोचला आणि त्यानं तो चिमटा उचलला. मग दोघं जमिनीवर. बाकीच्यांनी पाय धरून ओढून त्यांना वेगळं केलं. त्याआधी दोनच आठवड्यांपूर्वी लायन ग्रिसवल्डच्या तोंडावर थुंकला होता. कारण ग्रिसवल्डनं त्याला भित्रा म्हणून हिणवलं होतं. त्या वर्षी छापलेलं एक व्यंगचित्र आजही बघायला मिळतं: एकाच्या हातात काठी, दुसऱ्याच्या हातात चिमटा, आणि भोवती मजा बघत असलेले सभासद.

अमेरिकेची राज्यघटना लिहून झाली त्याला तेव्हा पुरती अकरा वर्षंही झाली नव्हती. आणि ती लिहिली होती शेजारच्याच इमारतीत, मधे जेमतेम चार पावलांचं अंतर.

माझं आजोळ साताऱ्याकडचं. लहानपणी आम्ही सुट्टीत जायचो तेव्हा गावात दोन तट पडलेले होते. ग्रामपंचायतीची निवडणूक होऊन गेली होती, पण ती संपली नव्हती. गिरणीवाला एका तटाचा, मामा दुसऱ्या तटाचा. म्हणून मामानं त्या गिरणीवर दळण टाकणं बंद केलं. सायकलला पिठाचा डबा बांधून तो शेजारच्या गावाला जायचा, उन्हातान्हाचं चार-पाच किलोमीटर. आजी एक दिवस त्याला म्हणाली, "आरं, जोंधळ्याला कुठला आलाय तट?" मामानं काही उत्तर दिलं नाही. डबा सायकलला बांधला आणि गेला. तो डब्याचा लोखंडी आवाज, कच्च्या रस्त्यावर दूर जाणारा, माझ्या कानात आहे. लग्नाकार्यात पंगती वेगळ्या बसायच्या. कुणी मेलं तर खांदा द्यायला कोण येतं, कोण येत नाही, याच्यावर बायकांची नजर असायची. त्यामुळे पुढे अमेरिकेचा इतिहास वाचायला लागले तेव्हा 'फॅक्शन' हा शब्द मला परका वाटलाच नाही. मला तो 'तट' म्हणूनच वाचता आला.

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात जमलेल्या पंचावन्न जणांनाही तटांची हीच भीती होती. दारं-खिडक्या बंद करून, बाहेर अवाक्षर काढायचं नाही असा नियम करून ते मे ते सप्टेंबर बसले. ग्रीस आणि रोमची प्रजासत्ताकं तटांनी पोखरली, हे त्यांनी पाठ केलेलं होतं. त्यातला व्हर्जिनियाचा जेम्स मॅडिसन हा किरकोळ प्रकृतीचा, हळू आवाजात बोलणारा माणूस रोजच्या चर्चेची टिपणं काढत होता. त्यानं नोव्हेंबरात घटनेच्या समर्थनार्थ टोपणनावानं एक लेख लिहिला. मला तो आजवर झालेल्या राजकीय लिखाणातला फार प्रामाणिक लेख वाटतो. विस्तवाला वारा लागतो तसं तटांना स्वातंत्र्य लागतं, असं त्यात म्हटलंय. वारा बंद केला तर विस्तव विझेल, पण माणसंही गुदमरतील. तेव्हा तट नष्ट करायला जाऊ नका, त्यांचा दाह आवरा. देश एवढा मोठा आणि इतक्या परीच्या लोकांचा असू द्या की कुठलाच एक तट सगळ्यांवर बसू शकणार नाही.

इतकं ओळखूनही घटनेत मात्र पक्षांना जागाच ठेवली नाही. एका शब्दानंही नाही. राष्ट्राध्यक्ष निवडायची रीत बघा. प्रत्येक राज्यानं काही निर्वाचक नेमायचे. प्रत्येक निर्वाचकानं दोन नावं लिहायची, त्यातलं निदान एक दुसऱ्या राज्यातलं. ज्याला सर्वांत जास्त मतं, आणि ती निम्म्याहून अधिक निर्वाचकांची, तो अध्यक्ष. त्याच्या खालोखालचा उपाध्यक्ष. कोणतं मत कोणत्या पदासाठी हे लिहायचं नाही. दोन शहाणी माणसं निवडा, त्यातला अधिक शहाणा वर बसेल, इतका निरागस हिशोब. ते दोघे एकमेकांचं तोंड बघत नसतील तर काय, हा प्रश्न त्या बंद खिडक्यांच्या आत कुणी नीट विचारला नसावा. समोर जॉर्ज वॉशिंग्टन बसलेले होते. पहिला अध्यक्ष कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्याकडे बघत बघत नियम लिहिला गेला, असं मला वाटतं.

वॉशिंग्टनच्या मंत्रिमंडळातच फूट पडली. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन, परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन. युद्धात राज्यांवर झालेलं कर्ज केंद्रानं अंगावर घ्यावं, असं हॅमिल्टनचं म्हणणं. ज्यांनी आपलं कर्ज बरंचसं फेडलं होतं ती व्हर्जिनियासारखी राज्यं म्हणाली, आम्ही दुसऱ्यांचं का भरायचं? जून १७९० मध्ये न्यूयॉर्कला जेफरसननं हॅमिल्टन आणि मॅडिसनला घरी जेवायला बोलावलं. कर्ज केंद्रानं घ्यायचं आणि त्याबदल्यात राजधानी दक्षिणेकडे, पोटोमॅक नदीकाठी न्यायची, असं त्या जेवणावर ठरलं. पुढच्याच वर्षी हॅमिल्टननं राष्ट्रीय बँक काढायची ठरवली तेव्हा जेवणावर मिटण्यासारखं काही उरलं नव्हतं. घटनेत बँक हा शब्दच नाही, मग ती काढायची कशी, हा जेफरसनचा सवाल. सरकारला काम दिलंय तर त्या कामाची हत्यारंही दिलेली असणारच, हे हॅमिल्टनचं उत्तर. वॉशिंग्टननं दोघांचे लेखी अभिप्राय वाचले आणि सही हॅमिल्टनच्या बाजूनं केली.

तिथून पुढे वेग आला. जेफरसननं आपल्या खात्यात फिलिप फ्रेनो नावाच्या कवीला अनुवादकाची नोकरी दिली. वर्षाला २५० डॉलर पगार. आणि हा अनुवादक त्याच शहरात वर्तमानपत्र काढून त्याच सरकारच्या अर्थमंत्र्यावर तुटून पडायला लागला. हॅमिल्टनच्या बाजूचं वर्तमानपत्र आधीच चालू होतं. फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली, राजाचा शिरच्छेद झाला, इंग्लंड आणि फ्रान्समध्ये युद्ध पेटलं. अमेरिकेतल्या प्रत्येक खानावळीत माणसं फ्रान्सवाली आणि इंग्लंडवाली झाली. तटांपासून दूर राहा, असं कळकळीनं बजावणारा निरोप वॉशिंग्टननं १७९६ च्या सप्टेंबरात वर्तमानपत्रात छापला. तो वाचूनही विरोधकांना वाटलं की हा टोला आपल्यालाच आहे.

मला यातलं एक फार महत्त्वाचं वाटतं. हॅमिल्टनच्या बाजूचे फेडरलिस्ट असोत की जेफरसनच्या बाजूचे रिपब्लिकन, आपण पक्ष आहोत असं दोघांनाही वाटत नव्हतं. आपण म्हणजे राष्ट्र, आणि समोर आहे तो तट. हॅमिल्टनच्या लोकांना खरोखर वाटायचं की जेफरसन आला तर इथंही गिलोटिन उभं राहील. जेफरसनच्या लोकांना खरोखर वाटायचं की हॅमिल्टनला राजा आणायचाय. यातला कुणी नाटक करत नव्हता. मामाही नाटक करत नव्हता. गिरणीवाला आपल्या पिठात काही कालवील, असं त्याला मनापासून वाटायचं.

मग १७९८ चा उन्हाळा आला. अध्यक्ष जॉन अॅडम्स फेडरलिस्ट, उपाध्यक्ष जेफरसन त्यांचा विरोधक. दोन वर्षांपूर्वीच्या निवडणुकीत एकाला ७१ आणि दुसऱ्याला ६८ मतं पडली होती. नियमानं त्यांना एका खुर्चीशेजारी दुसऱ्या खुर्चीत बसवलं. फ्रान्सशी युद्ध होणार अशी हवा होती. फेडरलिस्टांनी राजद्रोहाचा कायदा केला. सरकार, संसद किंवा अध्यक्ष यांची बदनामी करणारं खोटं, द्वेषमूलक लिखाण छापलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार डॉलरपर्यंत दंड. त्या यादीत उपाध्यक्ष नव्हता. त्याची बदनामी खुशाल करावी. ३ मार्च १८०१ ला, अध्यक्षांच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी, कायदा आपोआप संपणार होता. म्हणजे उद्या सत्ता गेली तर तो आपल्यावर चालू नये याचीही तजवीज. मतस्वातंत्र्याची हमी देणारी घटनादुरुस्ती होऊन तेव्हा सातच वर्षं झाली होती.

या कायद्याखाली शिक्षा झालेला पहिला माणूस म्हणजे तो चिमटेवाला मॅथ्यू लायन. आयर्लंडमध्ये जन्मलेला, पोरवयात वेठीच्या करारावर अमेरिकेत आलेला. अॅडम्सना भपक्याची आणि खुशामतीची हाव आहे, असं त्यानं एका पत्रात लिहिलं होतं आणि ते पत्र छापून आलं होतं. चार महिने कैद, हजार डॉलर दंड. व्हर्जेन्सच्या तुरुंगातल्या थंड कोठडीत असतानाच निवडणूक आली आणि व्हरमाँटच्या मतदारांनी त्याला कोठडीतून पुन्हा संसदेवर निवडून दिलं. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले होते. घटनेतलं कुठलंही कलम त्या वेळी लायनच्या मदतीला आलं नाही. न्यायाधीशही सगळे दुसऱ्याच बाजूचे. शेतावरची, लोहारकामाची माणसं घरातून निघाली आणि त्यांनी त्याच्या नावापुढं मत टाकलं, एवढंच झालं.

१८०० च्या निवडणुकीत तो निरागस नियम मोडकळीला आला. रिपब्लिकनांनी जेफरसनला अध्यक्ष आणि न्यूयॉर्कच्या एरन बरला उपाध्यक्ष करायचं ठरवलं. शिस्त इतकी पक्की की त्यांच्या प्रत्येक निर्वाचकानं दोन्ही नावं लिहिली. जेफरसन ७३, बर ७३. अॅडम्स ६५. कुणी तरी एकानं बरचं नाव गाळायला हवं होतं, ते राहून गेलं. आणि बर काही "मी माघार घेतो" म्हणेना.

या ७३ मतांबद्दल आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. गुलामांना मत नव्हतं, पण राज्याच्या वाट्याला किती निर्वाचक हे ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं असं मोजलं जाई. १८०० च्या जनगणनेत ५३ लाखांतले जवळजवळ ९ लाख लोक गुलाम होते, बहुतेक दक्षिणेत. ही मोजणी नसती तर बहुधा अॅडम्स पुन्हा निवडून आले असते. सगळी माणसं समान जन्मली, असं लिहिणारा जेफरसन हा माणूस ज्यांना माणूस धरलं नव्हतं त्यांच्या बेरजेवर पुढं सरकला. दोन्ही तटांचं भांडण चालू होतं त्या सबंध घरात हे लोक होते, आणि त्यांचा तट कुठलाच नव्हता.

बरोबरी झाली तर निर्णय प्रतिनिधिगृहानं करायचा, प्रत्येक राज्याला एक मत. सोळा राज्यं, नऊ हवीत. आणि हे गृह जुनंच, फेडरलिस्टांच्या बहुमताचं, ज्यांना लोकांनी नुकतंच नाकारलं होतं ते. ११ फेब्रुवारी १८०१, नवी राजधानी वॉशिंग्टन. अर्धवट बांधलेलं कॅपिटॉल, म्हणजे संसदेची इमारत, आणि बाहेर बर्फ. जेफरसन उपाध्यक्ष म्हणून स्वतःच मतपत्रांचे लखोटे उघडून निकाल वाचतात. मग मतदान. आठ राज्यं जेफरसनकडे, सहा बरकडे, व्हरमाँट आणि मेरीलँड दुभंगलेली. पुन्हा मतदान, तेच. रात्रभर तेच. मेरीलँडचे जोसेफ निकल्सन तापानं फणफणलेले, त्यांना बिछान्यासकट बर्फातून आणून शेजारच्या खोलीत ठेवलं होतं. ते नसते तर मेरीलँड दुसरीकडे झुकलं असतं. मतपेटी त्यांच्या उशाशी नेली जाई, ते थरथरत्या हातानं जेफरसनचं नाव लिहीत, बायको शेजारी बसलेली.

गावात अफवा होत्या. फेडरलिस्ट मधल्या काळासाठी आपलाच कुणी तरी नेमणार, अशी कुजबुज. पेनसिल्व्हेनिया आणि व्हर्जिनियाच्या राज्यपालांनी आपापली शिबंदी तयार ठेवायचा विचार चालवला होता. १५ फेब्रुवारीला जेफरसननं व्हर्जिनियाचे राज्यपाल जेम्स मन्रो यांना कळवलं की तसं झालं तर मधली राज्यं शस्त्र उचलतील, हे आम्ही स्पष्ट सांगून ठेवलंय. घटनेला चौदावं वर्ष लागलं होतं.

कोंडी फोडली डेलावेअरच्या जेम्स बायर्डनं. छोटं राज्य, एकच प्रतिनिधी, त्यामुळे सबंध राज्याचं मत त्याच्या एकट्याच्या हातात. तो फेडरलिस्ट होता. जेफरसन नको म्हणून तोही पस्तीस वेळा बरला मत देत आला. हॅमिल्टननं त्याला पत्र लिहून सांगितलं होतं की जेफरसनशी माझं जमत नाही, पण बरच्या हाती देश देऊ नका. शेवटी बायर्डनं आपल्या लोकांना सांगितलं की अध्यक्षच नसण्यापर्यंत आणि घटना मोडण्यापर्यंत मी ताणणार नाही. काही आश्वासनं मिळाली म्हणून आपण वळलो, असं तो पुढे म्हणाला. जेफरसननं ते नाकारलं. १७ फेब्रुवारीला छत्तिसावी फेरी झाली. बायर्डनं कोरी चिठ्ठी टाकली. मेरीलँडच्या फेडरलिस्टांनीही कोऱ्या टाकल्या. व्हरमाँटचा फेडरलिस्ट सभासद लुइस मॉरिस दालनातून बाजूला राहिला, आणि व्हरमाँटचा दुसरा सभासद एकटा उरला. मॅथ्यू लायन. त्याच्या एका मतानं व्हरमाँट जेफरसनकडे गेलं. दहा राज्यं झाली.

लायनचा दंड १८४० साली, तो वारल्यावर अठरा वर्षांनी, संसदेनं त्याच्या वारसांना व्याजासकट परत केला.

४ मार्चच्या पहाटे चार वाजता अॅडम्स अंधारातच गाडीत बसून वॉशिंग्टन सोडून गेले. शपथविधीला थांबले नाहीत. त्यांना यासाठी पुष्कळांनी नावं ठेवली आहेत. मला मात्र त्या गाडीत बसलेला पासष्ट वर्षांचा माणूस दिसतो. तीनच महिन्यांपूर्वी त्याचा चार्ल्स हा मुलगा गेलाय, त्यानं निवडणूक हरलीय, आणि सैन्याचा मुख्य म्हणून हातात असलेली सगळी सत्ता खाली ठेवून तो घरी निघालाय. त्याच्या मनात कडवटपणा असेलच. पण तो गेला. जुन्या घटनेत मला अभिमान वाटावा अशा ज्या जागा आहेत त्यात ही गाडी आहे, आणि ती कुठल्याही कलमात लिहिलेली नाही.

तीन वर्षांनी, १८०४ मध्ये, बारावी घटनादुरुस्ती झाली. आता निर्वाचक अध्यक्षाला वेगळं आणि उपाध्यक्षाला वेगळं मत देणार होते. पक्ष हा शब्द तिच्यातही नाही, पण पक्ष राहणार हे तिनं मान्य केलं. त्याच वर्षी बरनं हॅमिल्टनला द्वंद्वात गोळी घातली.

हॅमिल्टन न्यूयॉर्कच्या किंग्ज कॉलेजात शिकला होता. पुढे त्याचंच कोलंबिया झालं, आणि १९१३ मध्ये तिथं बाबासाहेब आंबेडकर शिकायला आले. आज त्या आवारात हॅमिल्टनचा पुतळा आहे आणि बाबासाहेबांचाही अर्धपुतळा आहे. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी जेफरसनचा हवाला दिला. त्याच भाषणात ते म्हणाले की घटना फक्त राज्याची अंगं उभी करू शकते. ती अंगं चालणार कशी, हे लोक आणि लोकांनी उभे केलेले पक्ष यांच्यावर अवलंबून आहे. फिलाडेल्फियाच्या त्या पंचावन्न जणांनी जे कागदावर आणलं नाही, ते बाबासाहेबांनी सभागृहात उघड बोलून दाखवलं. तरी आपल्याही मूळ संविधानात पक्षांबद्दल कलम नव्हतं. पक्ष आत आला तो १९८५ मध्ये, दहाव्या परिशिष्टातून, पक्षांतर रोखायला. ते पक्षांतर किती रोखलं गेलं हे महाराष्ट्रातल्या वाचकाला मी सांगायला नको.

अॅडम्स निघून गेले त्या दिवशी, ४ मार्च १८०१ ला, वॉशिंग्टनमध्ये मार्गारेट बायर्ड स्मिथ ही तेवीस वर्षांची बाई जेफरसनच्या शपथविधीला हजर होती. तिचं माहेर फेडरलिस्ट, नवरा रिपब्लिकन वर्तमानपत्राचा संपादक. कोरी चिठ्ठी टाकणारा जेम्स बायर्ड तिचा चुलतभाऊ, तिच्या वडिलांनीच वाढवलेला. म्हणजे तट तिच्या घरातूनच गेला होता. तिनं नणंदेला पत्रात लिहिलं की सत्तापालट म्हटलं की सगळ्या काळांत, सगळ्या देशांत गोंधळ आणि रक्तपात ठरलेला, आणि इथं तो कसलीही गडबड न होता झाला. जेफरसन राहत्या खानावळीतून चालतच कॅपिटॉलपर्यंत गेले. आपण सगळे रिपब्लिकन, आपण सगळे फेडरलिस्ट, असं ते इतक्या हळू आवाजात बोलले की मागच्यांना ऐकूही गेलं नाही.

तिनंच पुढं त्या खानावळीची एक आठवण सांगितली आहे. तीसहून अधिक माणसं जेवायला बसायची, एकच लांब मेज. वरच्या टोकाला शेकोटी. जेफरसन हिवाळाभर सर्वांत खालच्या टोकाला बसायचे, जिथं ऊब पोचत नसे. शपथ घेऊन ते जेवायला आले तेव्हा कुणी पुरुष उठला नाही. केंटकीच्या सिनेटरची पत्नी मिसेस ब्राऊन तेवढी राहवेना म्हणून उठली आणि आपली जागा देऊ लागली. ते हसून नको म्हणाले आणि मेजाच्या खालच्या टोकाला, आपल्या रोजच्या गार खुर्चीवर जाऊन बसले.